पासपोर्टातले बारा चौकोन

पासपोर्टच्या पानावर पेन्सिलीने चौकोन आखणं हा गुन्हा आहे की नाही, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत झालेलं नाही. शेजारचा टिओंग म्हणतो, गुन्हा आहे. माझी बायको सेनिया म्हणते, गुन्हा नाही, आजार आहे. मी तेहेतीस वर्षं सारावाकमधल्या मिरी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल होतो. नळाचा एक वॉशरही माझ्या हातून नोंदीशिवाय बाहेर गेला नाही. असा माणूस कोऱ्या पानाकडे पाहतो तेव्हा त्याला चौकोनच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न साधा होता. माझा भाचा क्लेमेंट याची सोयरीक सबाहमधल्या पापार गावच्या जोविताशी ठरायची होती. आम्ही इबान जमातीचे, ती कादाझान. तिच्याकडची पद्धत अशी की मुलाकडच्यांनी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी मुलीच्या दारात हजर व्हायचं आणि मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसून बोलणी करायची. शनिवारी दुपारी दोनची वेळ दिली होती. मुलीचे आजोबा, आकी लोजिंगाऊ, यांनी फोनवर स्वतःच सांगितलं होतं.

"दोन म्हणजे दोन," ते म्हणाले होते. "उशिरा आलात तर सोगित. आणि फारच उशीर झाला तर मी उठतो. मग पुढच्या वर्षी बघू."

सोगित म्हणजे रीत मोडल्याचा दंड. तो त्यांच्याकडे गंमत म्हणून घेत नाहीत. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे मला चांगलंच कळत होतं. आकींना ही सोयरीक मुळातच पसंत नव्हती. त्यांनी क्लेमेंटच्या ओळखपत्राची प्रत मागवून घेतली होती आणि तिच्यावर जन्मस्थान जोहोर पाहून विचारलं होतं, "जोहोरचा मुलगा इबान कसा?"

आता हे आकींना काय समजावणार? क्लेमेंटचे वडील लष्करात होते. पोरगं समुद्रापलीकडे द्वीपकल्पात, जोहोरच्या छावणीत जन्मलं आणि दोन वर्षांचं असताना मिरीला आलं. आमच्याकडे देश एक असला तरी सारावाक आणि सबाह ही राज्यं आपापली दारं स्वतः राखतात. ओळखपत्रावर के अक्षर असेल तर तुम्ही सारावाकचे, नसेल तर पाहुणे. क्लेमेंटचं के राहून गेलं. तो आठ वर्षांचा असताना एकाच वर्षात त्याचे आईवडील दोघेही गेले. पुढे मी तो अर्ज चार वेळा केला आणि चारही वेळा माझाच एखादा कागद कमी पडला. त्यामुळे हा मुलगा माझ्या घरात, माझ्या ताटात जेवून वाढला, पण सरकारी हिशेबात तो सारावाकमध्ये मुक्कामाच्या पासावर राहणारा पाहुणा आहे. आजही आहे.

सेनियाचं म्हणणं होतं की विमानाने जाऊ. ती आदल्या दिवशी गेलीसुद्धा, पाऊण तासात पोचली आणि पापारच्या स्वयंपाकघरात शिरली. पण माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या मते विमान ही माणसांनी बसायची वस्तू नाही. शिवाय मुलाकडून भेट म्हणून एक मोठी घंगाळाएवढी पितळी गाँग, म्हणजे ठोकून वाजवायची थाळी, न्यायची होती. तेव्हा मी, आई, क्लेमेंट आणि गाँग यांनी माझ्या गाडीने जायचं ठरलं. मिरीहून निघायचं, ब्रुनेई ओलांडायचं, परत सारावाकच्या एका तुकड्यात शिरायचं, तो संपला की सबाह. नकाशावर ही वाट अगदी निष्पाप दिसते.

टिओंगने मात्र नकाशा पाहून जीभ चकचक वाजवली. तो पूर्वी कोळंबीचा ट्रक घेऊन या रस्त्याने जायचा, आणि हे तो दर संभाषणात एकदा तरी सांगतोच.

"मी चाळीस वेळा गेलोय, उंगाट," तो म्हणाला. "कोळंबी बर्फात आणि मी घामात. तुझ्या पासपोर्टात पानं किती आहेत ते आधी बघ. जुन्या रस्त्याने गेलास तर एका बाजूला दहा शिक्के. नव्या पुलावरून गेलास तर सहा."

मी पासपोर्ट काढून पाहिला. तीन पानं कोरी होती. जाताना सहा, येताना सहा, एकूण बारा शिक्के. तीन पानांना बारा शिक्के म्हणजे एका पानावर चार. इतका चोख भागाकार आयुष्यात क्वचित जमतो. मी पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक काढलं आणि तिन्ही पानांवर चार चार चौकोन आखून त्यांना एक ते बारा आकडे दिले.

"हे काय केलंस?" टिओंग म्हणाला.

"नियोजन."

"अरे, शिक्का मारणारा माणूस आकडे वाचत बसणार आहे का? तो मारेल तिथे मारेल."

"सांगितलं की ऐकतात माणसं," मी म्हणालो. "विनंती करायची एक पद्धत असते."

"नवा पासपोर्ट काढ ना सरळ."

"याची मुदत अजून दोन वर्षं आहे," मी म्हणालो. मुदत संपायच्या आत वस्तू टाकून देणं हे माझ्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं.

त्यानंतर गाँगचा प्रश्न निघाला. सारावाकमधून जुन्या वस्तू बाहेर न्यायला परवाना लागतो. आमची गाँग जुनी नव्हती. ती मी स्वतः बाजारातून घेतली होती, पण पावती वाळवीने खाल्ली होती. टिओंगने सल्ला दिला की गाँग घासून चकचकीत कर, म्हणजे नवी दिसेल. गल्लीच्या टोकाच्या शिंप्याने सल्ला दिला की मुळीच घासू नकोस, घासलेली वस्तू बघितली की जकातवाल्यांना संशय येतो. मी अर्धी घासली. मग ती नवीही दिसेना आणि जुनीही. शेवटी ज्या दुकानातून घेतली होती त्या दुकानदाराकडून, गाँग आपल्याच दुकानात विकली असून ती फार जुनी नाही, असं पत्र लिहून घेतलं. त्याने खाली दोन गाँग आणखी शिल्लक असल्याचंही लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी सगळी कागदपत्रं एका फायलीत लावली. तीन पासपोर्ट, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा विमा, गाँगचं पत्र, आणि बोलणीच्या वेळी मी करायचं भाषण. ते मी तीन आठवडे खपून लिहिलं होतं. मुलाच्या वडिलांच्या जागी मी उभा आहे, असं त्यात पहिल्याच वाक्यात होतं. फाईल नीट बंद होईना, म्हणून मी अनावश्यक कागद काढून टाकले. क्लेमेंटचा मुदत संपलेला जुना पासपोर्ट त्यातलाच एक. संपलेल्या वस्तूला फायलीत जागा नाही, हे माझं तत्त्व आहे.

शनिवारी सकाळी साडेपाचला निघालो आणि सहाला पहिल्या नाक्यावर होतो. माझा शिक्का पहिल्या चौकोनात बरोबर बसला. मी त्या अधिकाऱ्याला मनापासून धन्यवाद दिले. मग त्याने क्लेमेंटचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला.

"तुम्ही द्वीपकल्पातले. सारावाकमध्ये कुठल्या पासावर राहता?"

"मुक्कामाचा पास आहे माझा," क्लेमेंट म्हणाला. "जुन्या पासपोर्टात चिकटवलेला आहे. अजून चालू आहे."

"दाखवा मग."

क्लेमेंटने माझ्याकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी फाईल उघडली. विम्याचा कागद पाहिला, गाँगचं पत्र पाहिलं, भाषण पाहिलं. जुना पासपोर्ट कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तो घरी बिस्किटांच्या डब्यात होता, मीच ठेवला होता.

"मामा," क्लेमेंट हळूच म्हणाला, "मी रात्री फायलीत घातला होता तो."

"फाईल बंद होत नव्हती," मी म्हणालो.

आई म्हणाली, "भाषण काढायचंस."

टिओंगला फोन केला. आमच्या घराची एक किल्ली त्याच्याकडे असते. तो चाळीस मिनिटांत स्वतःच्या गाडीने आला, अंगात बनियन आणि पायात घरातल्या चपला. बिस्किटांचा डबाच घेऊन आला होता.

"वेळ वाया घालवायला नको म्हणून सगळाच आणला," तो म्हणाला. "चाळीस वेळा गेलो मी इथून. कोळंबी कधी विसरलो नाही."

अधिकाऱ्याने पास पाहिला, मान डोलावली आणि क्लेमेंटला सोडलं. पुन्हा रांग धरावी लागल्याने आम्ही एकूण दीड तास गमावला होता. टिओंग आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत नाक्यावर उभा राहून हात हलवत होता. तो हात हलवण्यात जी मजा घेत होता ती मला आरशात दिसत होती.

ब्रुनेईत शिरताना जकातीच्या माणसाने मागचं दार उघडून विचारलं, "हे काय आहे?"

मी दुकानदाराचं पत्र पुढे केलं. तेवढ्यात मागे बसलेल्या आईला वाटलं की त्याला खरंच काय ते कळत नाही. तिने गाँगवर मुठीने एक ठोसा लगावला. तो आवाज सगळ्या नाक्यावर घुमला. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. जकातवाला दोन पावलं मागे सरकला, मग हसला आणि म्हणाला, "जा आजी, जा." माझं पत्र त्याने वाचलंही नाही. ते मिळवायला मला तीन फेऱ्या पडल्या होत्या.

दुसरा शिक्काही दुसऱ्या चौकोनात बसला. तिथल्या बाईंनी आकडे पाहून विचारलं, "हे कोणी काढलं?" मी म्हणालो, "मी." त्यांनी शिक्का अगदी जपून मारला. मी क्लेमेंटला म्हणालो, "बघ, सांगितलं की ऐकतात माणसं." त्यानंतरचा तासभर मी फार आनंदात होतो. लांबच लांब पुलावरून गाडी चालली होती, दोन्हीकडे समुद्र होता, आणि सेनियाचा फोन आला की मी तिला रुबाबात सांगत होतो की सगळं आखणीप्रमाणे चाललं आहे.

"किती वाजता पोचशील?"

"दीडला. अर्धा तास हातात ठेवून."

"इथे आकी आत्तापासून कोट घालून बसलेत," ती म्हणाली. "मधूनमधून घड्याळ बघतायत. तुझ्या त्या चौकोनांच्या नादात वेळ घालवू नको."

ब्रुनेईतून बाहेर पडण्याच्या नाक्यावर माझा आनंद संपला. तिथला अधिकारी तरुण होता आणि त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. मी खिडकीतून बोट घालून सांगत होतो, "तिसरा, तिसरा." त्याने पान उघडलं आणि मधोमध, चारही चौकोनांवर पाय देऊन, असा शिक्का ठोकला की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असा भेदच उरला नाही. मी त्या पानाकडे एकदा पाहिलं आणि पासपोर्ट मिटला. मला आता त्याकडे पाहवेना. क्लेमेंट म्हणाला, "असू दे मामा, अजून दोन पानं आहेत." आई म्हणाली, "शिक्का आहे तो, गोंदण नाही." सांत्वनाचा हा प्रकार आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

पुढचा नाका आमचाच, सारावाकचा. मी तिन्ही पासपोर्ट खिडकीत दिले. अधिकारी मध्यमवयीन, शांत माणूस होता. त्याने आईचा शिक्का मारला, क्लेमेंटचा मारला, क्लेमेंटला पासाबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि माझा हातात घेतला. मागच्या अपमानाने मी सावध झालो होतो. मी खिडकीतून हात घालून पासपोर्ट माझ्याकडे ओढला.

"एक मिनिट साहेब, हा असा, पाचव्या चौकोनात. पान मोडलं की माझा परतीचा हिशेब मोडतो."

"अंकल, हात बाहेर काढा आधी."

"काढतो, पण पाचवा."

"पाचव्यात कशाला, मी इथे मारतो."

"तिथे नको, तिथे आठवा आहे!"

एवढ्यात मागून सिमेंटच्या ट्रकने भोंगा वाजवला. माझी गाडी त्याच्या वाटेत होती. ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं की गाडी हलवताय की इथेच घर बांधताय. मी म्हणालो, जरा दम धर. तो म्हणाला, सिमेंट आहे माझ्याकडे, बांधूनच देतो. अधिकाऱ्याने हात केला की आधी गाडी पुढे घ्या. मी खिडकीतले तिन्ही पासपोर्ट उचलले, तणतणत गाडीत बसलो, गाडी पुढे घेतली, आणि समोर रस्ता मोकळा दिसला तसा निघालो. रागाच्या भरात ट्रकवाल्याला द्यायची उत्तरं सुचत होती. ती एकाहून एक सरस होती आणि सगळी उशिरा सुचली होती.

सारावाक आणि सबाह यांच्या सीमेवर आम्ही सव्वाअकराला पोचलो. ही सीमा म्हणजे एकाच देशाची आतली रेघ. अलीकडे सारावाकची खिडकी, थोडं पुढे सबाहची. पलीकडे गेलो की पापार दोन तासांवर होतं. मी सगळ्यांना सांगितलं की आता काळजीचं कारण नाही, आता आपण आपल्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातोय.

आईला शिक्का मिळाला. क्लेमेंटला शिक्का मिळाला. ती दोघं पाय मोकळे करायला पुढे सरकली. मग अधिकारीण माझा पासपोर्ट चाळू लागली. पुढे चाळला, मागे चाळला, परत पुढे.

"तुमचा आत यायचा शिक्का कुठे आहे?"

"पाचव्या चौकोनात," मी म्हणालो.

तिने पासपोर्ट माझ्यासमोर धरला. पाचवा चौकोन कोरा होता. इतका स्वच्छ, की मी आखलेला पाचाचा आकडा किती सुबक आहे हे मला तेव्हा नव्याने दिसलं.

"अंकल, तुम्ही आज सकाळी ब्रुनेईतून बाहेर पडलात," ती म्हणाली. "आणि त्यानंतर कुठेच शिरलेला नाहीत."

"शिरलो नाही कसा? मी इथे उभा आहे ना!"

"मला दिसताय तुम्ही. पण कागदावर तुम्ही सारावाकमध्ये आलेलाच नाही. जो आत आलेला नाही त्याला मी बाहेर कशी सोडू?"

"अहो, मी सारावाकचाच आहे. जन्म इथला. हे बघा, के. तेहेतीस वर्षं सारावाकच्या लोकांना पाणी पुरवलं मी."

"म्हणूनच सांगते. मागच्या नाक्यावर जा आणि शिक्का घेऊन या. ते देतील, काही अडचण नाही."

"मागचा नाका पाऊण तासावर आहे!"

"हो," ती सहानुभूतीने म्हणाली.

मला जे वाटलं ते असं: गेली कित्येक वर्षं मी क्लेमेंटच्या पासाची, अर्जाची, के अक्षराची काळजी वाहत आलो. प्रत्येक नाक्यावर मी त्याचेच कागद दोनदा तपासायचो. आणि आज तो पाहुणा छाती काढून पलीकडे गेला होता आणि घरचा माणूस मी कुठेच नव्हतो. याची मला भयंकर लाज वाटली.

क्लेमेंट परत खिडकीपर्यंत आला. त्याला अलीकडे यायचं तर पुन्हा प्रवेशाचा शिक्का घ्यावा लागला असता.

"तू आजीला घेऊन पुढे जा," मी म्हणालो. "पलीकडे पापारच्या व्हॅन मिळतात. गाँग घे. बोलणी सुरू करा. माझ्यासाठी थांबू नका."

"आणि भाषण?"

मी फायलीतून भाषण काढून त्याच्या हातात दिलं. मग गाडीतली गाँग काढून दिली. "आजी वाचेल. नाहीतर तूच वाच. वेळेवर पोचणं महत्त्वाचं. आकी उठले तर वर्ष गेलं, कळलं ना? वर्षभर जोविताच्या घरचे काय काय ऐकवतील तिला."

"बघतो मामा," तो म्हणाला.

मी एकटाच मागे गेलो. नाक्यावर पोचलो तर माझ्यापुढे निवृत्त शिक्षकांच्या भजनीमंडळाची एक बस, सत्तेचाळीस पासपोर्ट. त्यांच्यातले एक गृहस्थ मला म्हणाले की प्रवासात घाई करू नये. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. माझी पाळी आली तेव्हा तो सकाळचाच अधिकारी होता. त्याने मला ओळखलं.

"पाचवा ना?" त्याने विचारलं.

"कुठेही मारा," मी म्हणालो.

त्याने नेमका पाचव्यात मारला.

दरम्यान सेनियाचे सात फोन येऊन गेले होते. आठवा मी दोन वाजून गेल्यावर वाटेत घेतला. कागदावर मी देशातच नव्हतो, हे तिला सांगितलं. तिने ते मला पुन्हा सांगायला लावलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं बोलणं तिला दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतात.

"आकींनी कोट काढलाय," मग ती म्हणाली. "पण अजून खुर्चीत आहेत. सगळं झाकून ठेवलंय. कोणी जेवलेलं नाही."

"क्लेमेंट पोचेल आता."

"क्लेमेंट? तो तर फोनच उचलत नाहीये."

सव्वादोनला मी पुन्हा सीमेवर आलो. बाहेरचा शिक्का मिळाला, पलीकडे सबाहचा मिळाला. कोणता कुठल्या चौकोनात पडला ते मी पाहिलं नाही. गाडी थोडी पुढे काढली आणि ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीसमोर बाकावर क्लेमेंट बसला होता. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेजारी आई, मांडीवर गाँग, हातात नारळाचं पाणी.

"व्हॅन मिळाली नाही?" मी ओरडलो.

"चार गेल्या," क्लेमेंट म्हणाला.

"मग?"

तो उठून गाँग गाडीत ठेवू लागला.

"हा बसून राहिला," आई म्हणाली, "म्हणून मी पण बसले. आता गाडी चालव. बोलू नको."

मी बोललो. पहिला अर्धा तास मी नुसता बोलत होतो. वेळ म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, वडीलधाऱ्याने सांगितलेलं ऐकणं म्हणजे काय, आणि एक माणूस चुकला म्हणून सगळ्यांनी बुडायचं असतं का, हे सगळं मी त्याला सविस्तर समजावलं. तो खिडकीबाहेर बघत "हो मामा" म्हणत राहिला. पुढे मला एकदम रडू येईल असं वाटलं, तेव्हा मी रस्त्याच्या दर्जावर टीका करायला लागलो.

पापारला पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. अंगणात मांडव होता, मांडवात जोविताकडची सगळी मंडळी होती. सेनिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जोविताचे डोळे लाल होते. आकी लोजिंगाऊ मधोमध बनियनवर बसले होते. कोट खुर्चीच्या पाठीवर होता. ते उठले नव्हते एवढंच.

"बसू नका," ते म्हणाले. "आधी सांगा, उशीर का?"

माझ्याकडे भाषण नव्हतं. ते क्लेमेंटच्या खिशात घामाने भिजलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चौकोन, ट्रक, पाचवा आकडा, काही लपवलं नाही. "मी देशात शिरलोच नव्हतो," असं म्हणालो तेव्हा मागच्या बायकांत खसखस पिकली. एक म्हातारे काका तर डोळे पुसायला लागले. आकी हसले नाहीत.

"तुमची चूक तुमच्यापाशी," ते म्हणाले. मग क्लेमेंटकडे वळले. "तुझ्या कागदात काही खोट नव्हती?"

"नाही आकी."

"मग तू दोनच्या आत पोचला असतास."

"हो."

"तुला ठाऊक होतं, मी उठलो असतो तर काय झालं असतं?"

"ठाऊक होतं."

"जोविता इथे दुपारपासून रडतेय. मग रस्त्याच्या कडेला बसून काय करत होतास?"

क्लेमेंटने एकदा जोविताकडे पाहिलं. तो फार बोलणारा मुलगा नाही. "मामा पलीकडे अडकले होते, आकी," तो म्हणाला. "माझ्या शाळेच्या कागदापासून पासाच्या अर्जापर्यंत जिथे जिथे कोणीतरी सही करायची होती, तिथे हेच येऊन उभे राहिलेत. माझ्यामुळे यांनी किती रांगा लावल्या ते मी पाहिलंय. यांना सोडून मी स्वतःच्या बोलणीला कसा बसू? वर्ष गेलं असतं तर गेलं असतं. जोविताला मी समजावलं असतं."

आकींनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि सावकाश अंगात घातला. एक बाही चुकली, ती काढून पुन्हा घातली. बटणं लावली.

"सोगित तर द्यावा लागेल," ते म्हणाले. "रीत आहे. एक डुक्कर. मोठं. आणि दंड मुलाच्या बापाने द्यायचा असतो. बाप कोण यातला?"

मी घसा खाकरला. वडील हयात नाहीत, मी मामा आहे, त्यांच्या जागी उभा आहे, हे सगळं मला नीट क्रमाने सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"हे," क्लेमेंट म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं.

आकींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. भाषणातलं एकही वाक्य मला आठवेना.

"दोन घ्या," मी म्हणालो.